कोहळ्याच्या बिया: टरफलासकट खायच्या की सोलून?

गोकुळपेठकर
घरात रोज एकाच गोष्टीवरून वाजतंय म्हणून धागा काढतोय. आमच्याकडे कोहळं (पुण्या-मुंबईकडचा लाल भोपळा) आठवड्याला होतंच. आई बिया फेकू देत नाही. धुते, मिठाच्या पाण्यात ठेवते, गच्चीवर वाळवते, कढईत भाजते आणि डब्यात भरते. आम्ही त्या टरफलासकट कुडुमकुडुम चावतच मोठे झालो.

आता चिरंजीव जिमला जायला लागलेत. त्यांचा डबा वेगळा. त्यात हिरव्या, सोललेल्या, ऑनलाइन मागवलेल्या 'पम्पकिन सीड्स'. पावशेराला दीडशेच्या वर मोजतो. परवा आजीला म्हणाला, टरफलं गुरं खातात. आजी म्हणाली, तुझ्या बापाला काय झालं ती खाऊन? यावर तो माझ्याकडे बघून जे हसला ते मला आवडलं नाही.

तर जाणकारांनो: टरफल पोटाला चालतं का? सोलून फेकलं तर काही वाया जातं का? आणि बाजारातल्या हिरव्या बिया आणि आमच्या पांढऱ्या बिया, भानगड काय आहे?

तर्री_एक्स्ट्रा
टरफलासकट. पुढचा प्रश्न.

कुहू
सोलून! ते टरफलाचं कुसळ हिरडीत जाऊन बसतं, मग दिवसभर जीभ तिथेच.

बिनसाखरेचा
सोलून खाणं तत्त्वतः मान्य. पण क्रिकेटची मॅच लावून सोलायला बसलो, मॅच संपली तरी वाटीचा तळ झाकला गेला नव्हता. सोलायला जेवढी ताकद लागली तेवढी ते दाणे खाऊन परत आली असेल का, शंका आहे.

मातीतला
हिरव्या-पांढऱ्याचं आधी सांगतो, कारण अर्धा वाद तिथेच आहे.

घरच्या पांढऱ्या बीचं टरफल फोडा. आत पातळ पापुद्र्यात गुंडाळलेला फिकट हिरवट दाणा निघतो. म्हणजे हिरवा रंग वरून मारलेला नसतो. बाजारात जो गडद हिरवा दाणा येतो तो दोन वाटांनी येतो. एक, पांढऱ्या टरफलाची बी यंत्रावर सोलून. यात चीनचा माल जगभर जातो. दुसरी वाट जास्त मजेची आहे. ऑस्ट्रियातल्या स्टायरिया भागात शंभरेक वर्षांपूर्वी एका जातीच्या भोपळ्यात आपोआप बदल झाला आणि बीवर लाकडी टरफल धरायचंच बंद झालं. नुसता पापुद्रा. लोकांनी तेच बी जपून पुढे लावलं. आज तिथे त्याचं तेल काढतात. ते बाटलीत काळपट दिसतं, ताटलीत पसरलं की हिरवं. आपल्या संत्र्याला भौगोलिक मानांकन आहे तसं त्या तेलाला युरोपात 1996 पासून आहे.

ती जात म्हणजे क्युकरबिटा पेपो. आपल्याकडचं कोहळं बहुतेक क्युकरबिटा मोश्चाटा. त्याच्या बीचं टरफल जाड, कडेला फुगीर, आणि दाणा त्या मानाने चपटा. त्यामुळे चिरंजीवांची बी आणि आजींची बी चुलत बहिणी आहेत, सख्ख्या नाहीत.

गोकुळपेठकर
@मातीतला, हे जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचून दाखवलं. आई म्हणाली, बिनटरफलाची बी म्हणजे अर्धवटच की. पोरगा गप्प.

वऱ्हाडी_ठेचा
तुम्ही शहरातले लोक डब्बे घेऊन भांडून राह्यले, इकडे आमच्या गावाकडे लग्नाची पंगत म्हटली का कोहळ्याची भाजी ठरलेलीच. आचारी कोहळे फोडाले बसला का आम्ही पोट्टे बाजूले हजर. टोपलंभर बिया निघे. त्याले कोहळ्याचा चिकट धागा लागलेला राहते, तो नुसत्या पाण्यानं जात नाही. राखेत घोळायच्या, हातानं चोळायच्या, मंग धुवायच्या. अन् टाकायच्या टिनावर. उन्हाळ्यात आपल्याकडे टिन असं तापते का संध्याकाळी हातात घेतल्या तं खडखड वाजे.

सोलाचा प्रश्नच नव्हता बाप्पा. जो सोलत बसे त्याच्या वाट्याच्या दुसरा खाऊन जाये.

तर्री_एक्स्ट्रा
ठेचाभाऊ, याला म्हणतात अर्थशास्त्र.

वॉर्डातली_ताई
शस्त्रक्रिया विभागात परिचारिका म्हणून बरीच वर्षं काढली, म्हणून थोडं रोखठोक लिहिते. कोणी जेवत असेल तर नंतर वाचा.

टरफलात सेल्युलोज आणि लाकडात असतं तेच लिग्निन. ते माणसाला पचत नाही. पचत नाही म्हणजे विष आहे असं नाही. बारीक चावलं गेलं तर चोथा म्हणून निघून जातं, पोट साफ व्हायला मदतही होते. घोटाळा होतो तो न चावता मूठमूठ गिळणाऱ्यांचा. ती टरफलं मोठ्या आतड्याच्या शेवटी एकत्र येऊन गोळा बनतो. पुढे तो बाहेर येत नाही, वर बद्धकोष्ठाचं औषध घेतलं तरी हलत नाही, आणि टोकं टोचत राहतात. सूर्यफूल, कलिंगड, भोपळा अशा बिया टरफलासकट खाण्याची सवय जिथे आहे तिथे अशी प्रकरणं वैद्यकीय नोंदींत पुष्कळ आहेत, आणि त्यात लहान मुलं बरीच. मी स्वतः असा एक मुलगा पाहिला आहे. भूल देऊन काढावं लागलं. घरच्यांना वाटत होतं, पोरगं शाळा चुकवायला पोट दुखतं म्हणतंय.

ज्यांच्या पोटाचं ऑपरेशन झालंय, आतड्याला सूज किंवा अरुंदपणा आहे, मूळव्याध किंवा फिशर आहे, त्यांनी टरफल खाऊ नये. कवळी असेल तरीही नको, कारण कवळीने ते बारीक होतच नाही. पाच वर्षांखालच्या मुलाला तर सोललेला अख्खा दाणाही देऊ नका, श्वासनलिकेत जाऊ शकतो. कूट करून द्या.

बाकी धडधाकट माणसाने मूठभर, भाजून, नीट चावून खाल्ल्या तर मला हरकत नाही.

तर्री_एक्स्ट्रा
ताई, वर सूचना दिली होती हे खरं. पण मी पोहे खात होतो.

आकडेमोड
'वाया काय जातं' याचं उत्तर. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यात दोन्ही प्रकार वेगळे दिलेले आहेत. 100 ग्रॅम सोललेल्या वाळक्या दाण्यात साधारण 560 कॅलरी, 30 ग्रॅम प्रथिनं, 49 ग्रॅम स्निग्धांश, 6 ग्रॅम तंतू. 100 ग्रॅम टरफलासकट भाजलेल्या बियांत साधारण 446 कॅलरी, साडेअठरा ग्रॅम प्रथिनं, 19 ग्रॅम स्निग्धांश आणि 18 ग्रॅम तंतू. मॅग्नेशियमही सोललेल्यात दुपटीहून जास्त.

यात चमत्कार काही नाही. टरफलाचं वजन धरलं की दाण्याचा वाटा कमी होतो, एवढंच. म्हणजे सोलून फेकलं तर तंतू जातात, बाकी जे काही लोक या बियांसाठी सांगतात ते सगळं दाण्यात आहे. एकट्या जस्ताचा आकडा टरफलासकटच्या रकान्यात जास्त दिसतो (10 मिलिग्रॅम, विरुद्ध दाण्यात पावणेआठ), पण न पचणाऱ्या टरफलातलं जस्त अंगी किती लागेल हा प्रश्न उरतोच.

आणि ते 'रोज मूठभर बिया, जस्ताची चिंता सोडा' असे फॉरवर्ड येतात ना, त्यावर. मूठभर म्हणजे 30 ग्रॅम धरा. त्यात जस्त सव्वादोन-अडीच मिलिग्रॅम. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये पुरुषाची रोजची गरज 17 मिलिग्रॅम सांगितली आहे. सातवा हिस्सासुद्धा जेमतेम. प्रथिनं मात्र 9 ग्रॅम मिळतात, ते चांगलं आहे. कॅलरीही 168 मिळतात, हे जिमवाल्यांनी लक्षात ठेवावं.

बिनसाखरेचा
9 ग्रॅम म्हणजे दीड अंडं. दीड अंडं सोलायला मला मॅच लागत नाही.

कुहू
बियांचं राहू द्या, आधी कोहळं फोडतं कोण ते सांगा. आमच्याकडे बाईने अख्खं कोहळं फोडायचं नाही असं आहे. सासूबाई शेजारच्या पोराला हाक मारतात. तो येतो, विळीवर एक चीर देतो, जातो. पुढचं सगळं सोलणं-चिरणं-शिजवणं आम्ही. त्या पोराची आता दहावी आहे, तो क्लासला गेला की आमची भाजी अडते.

सीताबर्डी_सांज
आमच्याकडेही होतं. मी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात फोडलं. काही झालं नाही. सासरे म्हणाले, बरं झालं, आता मला हाक मारू नका.

वऱ्हाडी_ठेचा
असू द्या ना ताई, जुन्या लोकांचं हाये. कोहळ्याले घरचा पोरगा मानत, म्हणून बाईच्या हातानं फोडत नसत.

सीताबर्डी_सांज
मग त्या पोराची भाजी करून बाईनेच वाढायची, हे चालतं होय? जाऊ द्या. बियांकडे वळा.

इतवारीचा
वळतो. आमचं किराण्याचं दुकान होतं, मगज बी गल्ल्याच्या मागेच असायची. काकडी, खरबूज, कलिंगड आणि कोहळं, या चौघांचं मिळून चार मगज. ठंडाईला, डिंकाच्या लाडवाला, हॉटेलवाल्यांच्या पांढऱ्या ग्रेव्हीला. ती सगळी सोललेलीच विकली जाते. टरफलासकट मगज मागणारं गिऱ्हाईक पाहिलं नाही.

आता बिनसाखरेचा यांची मॅच का संपली ते सांगतो. लोक बी आडवी धरून पोटावर दाबतात. त्याने दाणा चुरतो आणि टरफल तसंच राहतं. बी उभी धरायची, टोक वर. पुढच्या वरच्या-खालच्या दातांमध्ये तिची कड आली पाहिजे. हळूच दाब. 'टक्' झालं की थांबायचं. तिथून पुढे दाबलं की गेलं. मग बी किंचित फिरवून दुसऱ्या कडेवर एकदा. टरफलाच्या दोन वाट्या सुट्या होतात आणि दाणा जिभेने ओढून घ्यायचा, हात लावायचा नाही. एकदा लय सापडली की तोंड आपोआप चालतं, गप्पा मारता येतात.

दातांनी जमत नसेल तर बोथट झालेला अडकित्ता घ्या. धारदार नको, तो दाण्यासकट कापतो. पण एक अट: बी भाजलेली आणि पूर्ण गार झालेली हवी. गरम असताना टरफल वातड असतं, फुटत नाही, चेपतं.

बिनसाखरेचा
पोटावर दाबत होतो, खरंय. अडकित्ता शोधतो.

मस्कतरिटर्न
आखातात नोकरीला होतो तेव्हा इराणी आणि इजिप्तचे सहकारी होते. त्यांच्याकडे हा टाइमपासचा राजा. इराणी त्याला तुख्मे म्हणतात, इजिप्तवाले लिब. संध्याकाळी बसले की समोर टरफलांचा ढीग. पण एकही माणूस टरफल खात नाही. मीठ वरच्या टरफलाला असतं, ते आधी चोखतात, मग फोडतात, मग थुंकतात. चीनमध्ये आयुष्यभर असं करणाऱ्यांच्या पुढच्या दातांना खाचच पडते, तिकडचे दंतवैद्य ती बघून ओळखतात.

यातून एक मुद्दा. गोकुळपेठकरांच्या आई मिठाच्या पाण्यात भिजवतात ना? ते मीठ टरफलावर बसतं. सोलून खाणाऱ्याच्या पोटात थोडं जातं, टरफलासकट खाणाऱ्याच्या पोटात सगळं. घरात बीपी असेल तर हे बघा.

गोकुळपेठकर
आहे. मलाच आहे. हा मुद्दा टेबलावर वाचून दाखवणार नाही.

नवखा_नाग
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण भिजवून मग टरफलासकट खाल्ल्या तर चालतं ना? कुठेतरी वाचलंय की भिजवल्याने सगळं पचतं.

आकडेमोड
भिजवल्याने दाण्यातलं फायटिक आम्ल (खनिजं अंगी लागू न देणारं द्रव्य) थोडं कमी होतं. टरफलाचं लाकूड भिजवून लोणी होत नाही. वर वॉर्डातली_ताईंनी लिहिलंय, तेवढं तरी वाचा.

गच्चीवरची
माझं मत खारीकडून. बिया वाळत घातल्या की कठड्यावरून येते, दोन्ही हातांत बी धरून कड कुरतडते, दाणा खाते आणि टरफलं माझ्या मोगऱ्याच्या कुंडीत टाकते. टरफलासकट खाताना ती मला कधी दिसलेली नाही. आता जाळी टाकते तर जाळीवर बसून बघत राहते.

आणि एक, जे इथे कोणी काढलं नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला जातो. सोललेला दाणा अशा दिवसांत बाहेर डब्यात ठेवला की लवकर खवट होतो, अर्धा तेलच आहे तो. टरफलात असेल तर टिकतो. एका ऑनलाइन दुकानातून मोठं पाकीट मागवलं होतं, फोडलं तर जुन्या तेलाचा वास. तक्रार केली तर उत्तर आलं, हा नैसर्गिक सुगंध आहे. तेव्हापासून साठवायच्या टरफलासकट आणि सोलायच्या लागतील तेवढ्याच. सोललेल्या आणल्याच तर फ्रीजमध्ये.

कुहू
'नैसर्गिक सुगंध' 😄 हे मी स्वयंपाक करपला की वापरणार.

सीताबर्डी_सांज
सांभारवडीच्या (कोथिंबिरीच्या वडीच्या) सारणात चारोळीऐवजी हे सोललेले दाणे घालून बघा. चारोळीचे भाव ऐकून मी हा उद्योग केला. जरा परतून, जाडसर कुटून. पाहुण्यांना कळलं नाही, एकीने तर चारोळी छान आहे म्हणून सांगितलं.

टरफलासकट चटणी करणाऱ्यांना मात्र इशारा. मिक्सरमधून कितीही काढा, कुसळं राहतातच. जवस आणि लसूण-मिरची घालून केली तर थोडी झाकली जातात, पण चाळल्याशिवाय नको.

इतवारीचा
एक सांगायचं राहिलं. बी कडू लागली तर तोंडातली थुंका आणि ते कोहळंही टाकून द्या, गूळ घालून भाजी खपवायला जाऊ नका. या कुळात कधीकधी कुकर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य उतरतं, ते शिजवूनही जात नाही. कडू दुधीच्या रसाने माणसं दगावली आहेत.

नवखा_नाग
आजी जंतांवर या बिया द्यायची. तो फायदा टरफलात की दाण्यात?

वॉर्डातली_ताई
दाण्यात. चपट्या कृमींसाठी हा जुना उपाय बऱ्याच देशांत होता. पण आता औषधं आहेत, आणि मुलांना तर 10 फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला शाळेत गोळी फुकट मिळते. बिया चवीसाठी खा.

गोकुळपेठकर
भरपूर कळलं. पण माझा मूळ प्रश्न अजून लोंबकळतोय. आम्ही इतकी वर्षं टरफलासकट खाल्ल्या, आम्हाला कधी ते कुसळ टोचलं नाही, चोथा राहिला नाही. कुहू म्हणतात हिरडीत जातं. दोघं खरं बोलत असू तर फरक कशाचा?

मातीतला
आता बरोबर प्रश्न आला. कोहळं किती जून आहे त्याचा.

बीचं टरफल फळाबरोबर जून होतं. कोवळ्या कोहळ्यात ते मऊ असतं, लिग्निन अजून भरलेलं नसतं. ते फळ बियांसकट भाजीत टाकलं तरी चालतं. फळ वेलीवर पूर्ण पिकलं, देठ वाळलं, वरची साल नखाला दाद देईनाशी झाली, की आतल्या बीचं टरफलही लाकडी झालेलं असतं. साठवणीचं, उन्हाळ्यापर्यंत टिकणारं कोहळं म्हणजे हेच. तुमच्या आई बहुतेक कोवळं आणत असणार, आणि कुहूंकडे येतं ते जून, नाहीतर फोडायला दहावीचा पोरगा कशाला लागला असता?

बाजारात फोडी मांडलेल्या असतात, बिया दिसतात. एका बीला नख लावा. नख आत गेलं तर भाजून टरफलासकट खुशाल खा. नख घसरलं तर दाणा काढून खा, टरफल खाऊ नका.

गोकुळपेठकर
आईला विचारलं. कॉटन मार्केटच्या एकाच बाईकडून घेते, आणि होय, फोडीला नख लावूनच घेते. मी म्हटलं, मग एवढे दिवस सांगितलं का नाहीस? म्हणाली, तुम्ही दोघं प्रोटीन-प्रोटीन करत होता.

तर्री_एक्स्ट्रा
म्हणजे पहिलं उत्तर माझंच बरोबर निघालं. फोडीला नख लावण्याच्या अटीवर.

कुहू
इकडे विषय संपला असेल तर कोहळ्याच्या बोंडांची कृती टाका कोणीतरी. सासूबाई अंदाजे घालतात आणि विचारलं की 'मावेल तेवढी कणीक' म्हणतात.

वऱ्हाडी_ठेचा
तेच बरोबर हाये पण. कोहळं किसून थोड्या तुपावर वाफवा, गरम असतानाच गूळ टाका, विरघळू द्या. गार झालं का वेलची, चिमूटभर मीठ, अन् कणीक मावेल तेवढी. पाणी नाही टाकायचं, कोहळ्याचंच पाणी पुरते. हाताले तेल लावून छोटे छोटे बोंडं सोडा, आच मंद. मोठ्या आचेवर वरून काळे अन् आतून कच्चे राहते. कोहळं जून घ्या, कोवळ्याले गोडी नसते.

अन् बिया बोंडात टाकत नाही बरं, विचारासाठी आधीच सांगून ठेवतो.